पणजीचं नाव कुठं सापडतं?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या वडिलांच्या आजीचं नाव काय? आजोबांचं नाही, आजीचं. आणि तिचं माहेर कुठलं? गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारते तेव्हा पंधरा-वीस जणींत एखादीलाच उत्तर येतं. पणजोबांचं नाव मात्र बहुतेकींना पाठ असतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गावांत जुने कागद शोधायचं काम जोरात चाललंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी, कोतवाल बुक, वंशावळ हे शब्द चावडीवरून चुलीपर्यंत आले. मग २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम आली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, त्यासाठीही वंशावळच लागते. त्यामुळं बाया बैठकीला येताना पिशवीत वंशावळीचा कागद घेऊन येतात आणि म्हणतात, ‘ताई, जरा बघा बरं, बरोबर आहे का.’

मी असे पुष्कळ कागद पाहिले. वर मूळ पुरुष, त्याखाली मुलगे, त्याखाली नातू, पणतू. चार-चार, पाच-पाच पिढ्या, आणि सगळ्या कागदावर एकही बाई नाही. लेकी नाहीत आणि सुनाही नाहीत. म्हणून आजच्या बोलण्यात दोन गोष्टी सांगणार आहे. पहिली, आपल्या आज्या-पणज्यांचा माग जुन्या कागदांत कसा काढायचा. दुसरी, आज आपण जी वंशावळ लिहितोय, तिच्यात बाईचं नाव का आणि कसं आलं पाहिजे.

आधी घरात शोधा

तहसीलदार कचेरीत जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. शक्य असेल तर आत्याजवळ बसा. भावकीतल्या पुरुषांना जमिनीची वाटणी आठवते, पण कोण कुठं दिली, कोण बाळंतपणात गेली, कुणाला सवत आणली, हे आत्याला ठाऊक असतं.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका, ते सांगता येत नाही. खूण विचारा. ‘मानमोडीच्या आधी का नंतर?’ मानमोडी म्हणजे १९१८ची तापाची साथ. ‘आण्याचे नवे पैसे झाले तेव्हा तू केवढी होतीस?’ ते १९५७ साल. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी होती का?’ तो ११ डिसेंबर १९६७चा. ‘दुष्काळात खडी फोडायला कोण जात होतं?’ तो १९७२चा. अशा चार खुणा मिळाल्या की माणसाचं आयुष्य पाच-दहा वर्षांच्या अंतरात बसवता येतं. मग कोणत्या सालाची वही मागायची हे कळतं.

भांडी बघा. जुन्या तांब्या-पितळेच्या हंड्या-कळशीवर नाव कोरलेलं असतं. बहुतेक वेळा ते देणाऱ्याचं असतं, म्हणजे मामाचं किंवा बापाचं, आणि कधी गावही असतं. पणजीचं माहेर एखाद्या घागरीच्या काठावर सापडू शकतं. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक कुणाचे ते विचारा. पितृपक्ष पाळत असाल तर अविधवा नवमीला कुणाच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात ते विचारा. ती बाई नवऱ्याच्या आधी गेली, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आणि जात्यावरच्या ओव्या. त्यांत बाया आपल्या भावाचं, बापाचं, गावाचं नाव गुंफायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तुमच्या घरात कुणाला येत असतील तर मोबाईलवर आजच बोलत्या करून ठेवा.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. त्यामुळं एकाच बाईची दोन नावं असतात, माहेरी एक आणि सासरी एक. दोन्ही नावं लिहून घ्या. एकच माहीत असेल तर अर्धा माग तिथंच तुटतो.

कागदावर बाई कशी लिहिलेली असते

कागद लिहिणारा स्वतःला जे हवं तेच लिहितो. सरकारला जमिनीचा सारा हवा होता, म्हणून सारा कोण भरणार त्याचं नाव वहीत आलं. तो बहुतेक पुरुष असायचा. बाई कधी आली? नवरा मेला आणि पोरं लहान राहिली, शेत गहाण टाकायची वेळ आली, भावासाठी हक्क सोडला, किंवा ती स्वतः वारली. म्हणजे तिच्यावर काहीतरी वेळ आली तेव्हा ती कागदावर आली. आपल्याला शोध घ्यायचा आहे तो याच जागांचा.

तिचं नाव कसं लिहितात तेही माहीत हवं, नाहीतर समोर असून ओळखू येत नाही. ‘सखुबाई मर्द रामजी’ असं लिहिलं असेल तर सखुबाईचा नवरा रामजी. ‘कोम रामजी’ असेल तरी अर्थ तोच. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, म्हणजे नवराच. मराठवाडा-विदर्भाकडच्या कागदांत ‘जौजे’ असतं, ते बायको या अर्थानं. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी, तीही विधवाच. आणि ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा.

सातबाऱ्यावरून मागे कसं जायचं

आता मुख्य वाट. घरचा सातबारा हातात घ्या, जितका जुना मिळेल तितका बरा. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे दिसतात. ते फेरफाराचे नंबर. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल कसा झाला त्याची नोंद, म्हणजे गाव नमुना ६. नाव कंसात घातलेलं असेल तर ते कमी केलं असं समजायचं. का कमी केलं, कुणाचं लावलं, हे त्या नंबरच्या फेरफारात लिहिलेलं असतं. तो फेरफार काढायचा, त्यात आधीच्या नोंदीचा माग मिळतो, मग तो काढायचा. अशी पायरी-पायरीनं वाट मागे जाते. जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण या भागांत, हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा आहे. त्यामुळं तिकडं शंभर वर्षांपलीकडचे फेरफारही मिळू शकतात. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक विचारा, नागपूरकडं १९५४-५५चा अधिकार अभिलेख विचारा.

मध्येच सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेला दिसेल. १९४७च्या कायद्यानं गटबांधणी झाली, तिचा हा परिणाम. जुन्या आणि नव्या नंबराचा मेळ कसा बसतो ते तलाठ्याकडं किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण माणूस तोच. जुने उतारे, फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. बरेच आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही मिळतात. सेतू केंद्रात किंवा गटातल्या शिकलेल्या पोरीच्या मोबाईलवर बघता येतील.

फेरफार वाचताना तीन खुणा डोक्यात ठेवा.

पहिली, ‘अ.पा.क.’ हा शेरा. अज्ञान पालनकर्ता. वारस मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ असं लिहून आईचं नाव येतं. आपल्या पणज्या सगळ्यात जास्त इथंच सापडतात.

दुसरी, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लावलेलं असतं आणि बाकीची भावंडं त्याच्यामागं दडलेली असतात. म्हणून एकच नाव दिसलं की एकच मूल होतं असं समजू नका.

तिसरी, आणेवारीचा हिस्सा. जुन्या कागदांत वाटा आण्यात लिहितात. सगळी जमीन १६ आणे. कुणापुढं ४ आणे असतील तर सारखे वाटे चार. ५ आणे ४ पै असतील तर वाटेकरी तीन, कारण १२ पैचा एक आणा. सगळ्यांची नावं वाचता आली नाहीत तरी वाटेकरी किती होते ते यावरून मोजता येतं.

एका काकूंची पणजी

आमच्या ग्रामसंघातल्या एका काकूंनी असा माग काढला. वय पासष्टीच्या पुढं, शिक्षण चौथी. त्यांना पणजीविषयी एवढंच माहीत होतं की ती ‘लई खमकी’ होती आणि तिनं शेत राखलं.

जुन्या सातबाऱ्यावरच्या वर्तुळातल्या आकड्यांवरून मागे जात जात १९२६चा फेरफार मिळाला. पणजोबा वारले, वारस दोन मुलगे, दोघंही अज्ञान, पालनकर्ती आई. पणजीचं नाव पहिल्यांदा तिथं दिसलं. पुढं १९३१ची नोंद मिळाली. तिनं पालनकर्ती म्हणून अर्धं शेत दोनशे रुपयांना गहाण टाकलेलं. मंदीची वर्षं होती ती, धान्याचे भाव पडलेले होते. १९३८ला धाकटा मुलगा सज्ञान झाला म्हणून अ.पा.क. शेरा कमी झाला, आणि त्याबरोबर पणजीचं नावही गेलं. १९३९ला गहाणाचा बोजा कमी झाल्याची नोंद आहे. म्हणजे आठ वर्षांत कर्ज फिटलं. फेडलं कुणी ते कागद सांगत नाही, पण तोवर घर तीच चालवत होती.

गावच्या मृत्यू नोंदीत १९४७ साली तिचं नाव परत आलं. वय ५५, आजार ताप. वयाचा आकडा अंदाजाचा असतो, तरी त्यावरून ती चौतिशीच्या आसपास विधवा झाली असं दिसतं.

घरात सगळ्यांना तिचे दोन मुलगे आणि एक लेक एवढंच ठाऊक होतं. पण १९५० साली भावाभावांची वाटणी झाली आणि १९६१ साली धाकटा भाऊ मूलबाळ नसताना वारला. १९५६चा हिंदू वारसा कायदा आलेला होता. त्यामुळं वारस म्हणून थोरल्या भावाबरोबर बहिणींची नावं लागली. एक नाही, दोन बहिणी. दुसरीचं नाव काकूंनी जन्मात ऐकलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्या दोघींनी भावाला हक्कसोड पत्र करून दिलं. त्या कागदावर दोघींची नावं, वयं, नवऱ्यांची नावं आणि सासरची गावं आहेत, खाली दोन अंगठे आहेत.

मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगते. ज्या कागदावर बाईनं आपला हक्क सोडला, त्याच कागदावर तिची सगळ्यात पूर्ण नोंद आहे. नोंदणी केलेले दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात असतात. तिथं सूची क्रमांक दोनमध्ये शोध घेता येतो. हक्कसोड, गहाणखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, या सगळ्यांत बायांची नावं सापडतात.

काकू त्या विसरलेल्या आजीच्या गावाला जाऊन आल्या. तिच्या नातवाच्या घरी घागर आहे आणि तिच्यावर काकूंच्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे. पन्नास-साठ वर्षं तुटलेलं नातं पुन्हा जुळलं. यंदा दिवाळीला त्या घरून फराळाचा डबा आला.

जन्म, मृत्यू आणि शाळा

जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असते, तिलाच कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायची. मुलगी जन्मल्याची नोंद शोधताना नावावरून शोधू नका. बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि पुढं ‘मुलगी’ एवढंच असतं, बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. म्हणून बापाच्या नावानं आणि अंदाजे सालानं शोधा. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत मिळतात.

शाळेत प्रवेश-निर्गम उतारा मागा. त्यात जन्मतारीख, जात, पालक असं सगळं असतं. पणजी शाळेत गेलेली नसेल, पण तिचा भाऊ गेला असेल. भावाच्या नोंदीवरून तिच्या माहेरचं गाव पक्कं होतं. लग्न झालेल्या बाईला जातीचा दाखला माहेरच्याच कागदांवर मिळतो, त्यामुळं ही कागदपत्रं तुम्हाला स्वतःसाठीही लागतील. पुराव्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे कागद विचारतात.

हेळवी, उपाध्ये आणि मॉरिशसची वही

सरकारी दप्तराबाहेरही वह्या आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडं आणि कर्नाटकात हेळवी फिरतात. सुगीनंतर दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात, नवी नावं लिहून घेतात, धान्य नाहीतर पैसे घेतात. या वेळी आला की त्याला सुनांची आणि लेकींचीही नावं लिहायला लावा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावरून आणि आडनावावरून घराणं सापडतं. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, याची नोंद असते. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचं नाव घ्यावं लागतं, म्हणून बायांची नावं तिथं मिळण्याची शक्यता जास्त. वसई आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती भगिनींनी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही बघावी, तिच्यात आईचं नाव असतं.

आणखी एका वहीविषयी सांगते, ती फार लांब आहे. १८३४ पासून इंग्रजांनी आपल्या देशातून मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेले. मुंबई बंदरातून मराठी बोलणारी माणसंही गेली. त्यांचे वंशज तिथं अजून गणपती बसवतात. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि तिथली माणसं त्यांतून आपलं मूळ गाव शोधतात. त्या वहीत बाईलाही स्वतःचा वेगळा नंबर आहे. तिचं नाव, वय, गाव, कोणत्या जहाजानं आली ते सगळं आहे. मळेवाल्यांना तिच्या कष्टाचा हिशेब हवा होता, म्हणून त्यांनी तिला मोजलं. आपल्या गावात तितकंच राबलेली तिची बहीण मात्र ‘अमक्याची बायको’ एवढीच राहिली. बायांची नावं लिहिणं जमण्यासारखं नव्हतं असं नाही. ती लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

मोडी आली, उर्दू आली, साल कळेना

जुना कागद मोडीत असेल तर घाबरू नका. आपल्याकडं सरकारी कामकाज बराच काळ मोडीतच चालायचं. मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. तुमच्या गटातल्या एखाद्या पदवीधर मुलीला शिकायला पाठवा, गावाला उपयोग होईल आणि तिला चार पैसेही मिळतील. मराठवाड्यातले निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात, ते वाचायला गावातल्या जुन्या जाणत्या मुस्लिम माणसाची मदत घ्या.

साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८४० म्हणजे १९१८. फसली असेल तर ५९० मिळवा. फसली १३३५ म्हणजे १९२५-२६. मूळ कागदाला पेन लावू नका आणि मूळ प्रत कुणाला देऊ नका. कचेरीतून शिक्का मारलेली नक्कल घ्या आणि कोणत्या वहीतली, कितव्या पानावरची ते मागं लिहून ठेवा. नक्कल देत नसतील तर लेखी अर्ज करून पोच घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हीसुद्धा एक वाट आहे.

आजची वंशावळ

आता दुसरी गोष्ट. त्याच काकूंचे वडील वारल्यावर भाच्यानं वारस नोंदीसाठी वंशावळ लिहून आणली. त्यात काकू आणि त्यांची बहीण नव्हत्या. भाचा म्हणाला, ‘आत्या, तुला कुठं शेत कसायचंय?’ काकू म्हणाल्या, ‘घ्यायचं का सोडायचं ते माझं मी ठरवीन. तू आधी नाव लिही.’ भाच्यानं ऐकलं नाही. मग काकूंनी मुदतीत लेखी हरकत घेतली, जन्माचा दाखला आणि शाळेचा उतारा जोडला, आणि दोघींची नावं लागली. भाच्याशी बोलणं काही महिने बंद होतं. आता परत येणं-जाणं आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १९५६च्या आधी विधवेला मिळालेला हक्क बहुतेक हयातीपुरताच असायचा. १९५६च्या कायद्यानं अशा बाईला पूर्ण मालक केलं, आणि बापाच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला हक्क दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या लेकींना, लग्न झालेल्यांनाही, जन्मानंच लेकाइतका हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, आणि मुस्लिम, ख्रिस्ती भगिनींचे वारसा नियम वेगळे आहेत. त्यांनी आणि ज्यांचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत जावं. बायांना तिथं वकिलाचा मोफत सल्ला मिळतो.

वारस नोंदीचं काम असं चालतं. खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. अर्ज चावडीत देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून भरता येतो. वारसांची नोंद आधी नमुना ६क मध्ये होते, मग फेरफार होतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नाव गळलं असेल तर या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. तरी नोंद झाली तर प्रांताकडं साठ दिवसांत अपील करता येतं. वंशावळ शपथपत्रावर असते. त्यात लेकीचं नाव लपवणं म्हणजे खोटं शपथपत्र करणं, हे भावांनाही शांतपणे सांगा. आणि जो कागद वाचून दाखवला नाही त्यावर अंगठा किंवा सही करू नका. ‘नुसती वारसाची सही आहे’ म्हणून हक्कसोडावर सही घेतल्याची उदाहरणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत.

थोडं थोडं बदलतंय. १९९२च्या लक्ष्मी मुक्ती योजनेपासून नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता येतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं. पुढं पन्नास वर्षांनी कुणी माग काढला तर त्यांना आई सहज सापडेल. मधल्या आपल्या पिढीचं काय? ती नोंद आपणच केली पाहिजे.

म्हणून गटासाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं वहीचं एक पान आणायचं. मधोमध स्वतःचं नाव लिहायचं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. वर डाव्या बाजूला आई, तिची आई, तिचीही आई माहीत असेल तर ती. उजव्या बाजूला वडील, त्यांची आई, त्यांची आजी. सासूबाई आणि आजेसासूही लिहा. प्रत्येक नावापुढं माहेरचं गाव, आणि माहीत असेल ती एक गोष्ट, काय काम करायची, कशानं गेली. ज्या जागा रिकाम्या राहतील त्यांच्यासाठी आठ दिवसांत आत्याला, मावशीला फोन करा. मग खाली आपली मुलं लिहा, लेक आणि लेकी वयाच्या क्रमानं. ते पान गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा आणि एक प्रत घरच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

पुढच्या भागात आपण फेरफाराचा एक उतारा ओळीनं कसा वाचायचा ते बघू. कुणाला शंका असेल तर आपल्या ग्रामसंघाच्या ताईंकडं लिहून द्या, त्या माझ्यापर्यंत पोचवतील. नमस्कार.